फ्रेम न कापता टँडेमची इलेक्ट्रिक रिकंबंट

एकामागे एक बसून दोघांनी चालवायची टँडेम सायकल घरात नुसती उभी राहते, ती बहुधा दुसरा माणूस उरला नाही म्हणून. मुलगी शिकायला बाहेरगावी जाते, मित्राची बदली होते, घरातल्या कुणाचे गुडघे धरतात. मग आठ फूट लांबीची ती सायकल जिन्याखाली मावत नाही म्हणून अंगणात गंजत राहते. बडोद्यात आणि आसपास अशा सायकली शोधल्या तर मिळतात.

तिच्यापासून एकट्याने चालवायची रिकंबंट करता येते: पाठ टेकून, पाय पुढे सोडून चालवायची सायकल, तिला मोटरची मदत जोडून. मनगटांवर भार येत नाही, मान उचलून धरावी लागत नाही आणि अरुंद सीट टोचत नाही. पन्नाशीनंतर पाठ किंवा मनगट दुखते म्हणून सायकल सोडलेल्यांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. म्हणूनच हे सगळे सविस्तर लिहीत आहे.

हे काम करायला निघालेले बहुतेक जण आधी फ्रेम कापतात. तशी गरज नसते. मागच्या माणसाच्या जागी बसा, पुढच्या माणसाची पेडल मारा, आणि मागच्या माणसासमोर जे न वळणारे हँडल असते ते वळते करा, की रिकंबंटची बैठक तयार झाली. फ्रेमचे सगळे त्रिकोण शाबूत राहतात. करवत वापरायची ती फक्त सुट्या भागांवर. तुमची मेहनत आणि पैसा हँडल आणि ब्रेक यांवर खर्च व्हायला हवा. मोटर हा यातला सर्वांत सोपा भाग आहे.

रिकंबंट रस्त्यावर इतकी दुर्मीळ का, हे अनेक जण विचारतात. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर या शर्यतपटूने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या अशा सायकलवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले आणि १९१४ पासूनचा विक्रम मोडला. दुसऱ्याच वर्षी, १९३४ मध्ये, आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने हा प्रकार अधिकृत शर्यतींतून बाद केला. शर्यतीतून गेलेली सायकल कारखान्यांतूनही मागे पडली. आपली सायकल विक्रमाची नाही. ती रावपुऱ्यात भाजी आणायला आणि सकाळी मोकळ्या रस्त्यावर फेरी मारायला आहे.

कोणती टँडेम घ्यावी

खिशात लोहचुंबक ठेवा. फ्रेमला चिकटला तर पोलादी, न चिकटला तर बहुधा अॅल्युमिनियम. पोलादी घ्या. अॅल्युमिनियमच्या फ्रेमला कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया करून ताकद दिलेली असते. वेल्डिंगने जोडाजवळची ती ताकद निघून जाते आणि साध्या वर्कशॉपमध्ये ती परत आणता येत नाही. आपण फ्रेमवर वेल्डिंग करणार नाही, तरी पुढे कधी एखादी पट्टी जोडावीशी वाटतेच.

दुसरी गोष्ट म्हणजे मागच्या सीटच्या नळीची उंची. जमिनीपासून तिच्या वरच्या टोकापर्यंत टेप लावा. ६५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर उत्तम, कारण आपले नवे सीट त्याच्याही चार-पाच सेंटिमीटर वर येणार आहे आणि सिग्नलला दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकायला हवेत. मागची वरची नळी उतरती असलेल्या टँडेम या कामाला सगळ्यांत चांगल्या.

फ्रेम वाकडी नाही ना, हे दोऱ्याने तपासता येते. हेड ट्यूबला, म्हणजे पुढचे चाक धरणारा फोर्क ज्या नळीत फिरतो तिला, दोरा बांधा, मागच्या एका ड्रॉपआउटवरून, म्हणजे चाकाचा एक्सल बसतो त्या खाचेवरून, नेऊन दुसऱ्यावरून परत हेड ट्यूबला आणा. आता मागच्या सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचे अंतर मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालेल, सेंटिमीटरचा चालणार नाही. मागच्या दोन ड्रॉपआउटमधले आतले अंतरही लिहून ठेवा. मोटर घेताना ते लागते. बहुतेक हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यातच बसणाऱ्या मोटर, १३५ मिलिमीटरसाठी असतात.

चाके २६ इंची असतील तर तशीच ठेवा. पुढे २० इंची चाक बसवले की सायकल रिकंबंटसारखी दिसते खरी, पण पुढची बाजू खाली येते, हेड ट्यूब जास्त उभी होते आणि हँडल चंचल बनते. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

पायाचे माप

अनवाणी जमिनीवर बसा, कंबर आणि पाठ भिंतीला चिकटवा, पाय सरळ पसरा. भिंतीपासून तळपायापर्यंतचे अंतर दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा. साधारण १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे हे माप १०४-१०५ सेंटिमीटरच्या आसपास येते. यातून क्रँकची, म्हणजे पेडल ज्या दांड्यावर बसते त्याची, लांबी, बहुधा १७ सेंटिमीटर, वजा करा. उरलेले ८७-८८ सेंटिमीटर म्हणजे पुढच्या बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, क्रँक ज्यात फिरतात तो सांधा) मध्यापासून सीटच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर. सीटची बैठक आणि पाठ जिथे मिळते तो हा कोपरा. टेप तिरकाच धरायचा, जमिनीला समांतर नाही.

टँडेमच्या दोन बीबींमधले अंतर साधारण ७० सेंटिमीटर असते. त्यामुळे मध्यम उंचीच्या माणसाचा हा कोपरा जवळजवळ मागच्या सीटच्या नळीच्या डोक्यावरच येतो. या रूपांतरणाचे सगळे गणित इथे जुळते. उंची १५५ च्या आसपास असेल तर सीट दहा-बारा सेंटिमीटर पुढे सरकवावे लागेल. घरातले दोघे आळीपाळीने चालवणार असतील तर सीट सरकते ठेवा.

शेवटची खात्री सीटवर बसून करा: टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यांत लांब नेले की पाय बरोबर सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. हा बाक राहिला नाही तर गुडघा दुखणार, हे नक्की.

सीट: पाऊण इंची पाइप आणि नवार

सीटसाठी पलंगाच्या नवारीइतके चांगले साहित्य मला दिसत नाही. हवा खेळते, ताण पुन्हा देता येतो, आणि बडोद्याच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की फोमच्या सीटवर पाठ भिजून जाते, ते टळते. नायलॉनची नवार घ्या. सुती नवार पावसात भिजून सैल पडते.

चौकट पाऊण इंची, म्हणजे १९ मिलिमीटर गोल पोलादी पाइपची, १६ गेज. बैठकीची रुंदी मागे ३८-४० सेंटिमीटर, पुढे निमुळती होत २२-२४. पुढची बाजू रुंद ठेवली तर मांड्या घासतात आणि पाय जमिनीला टेकत नाहीत. पाठ खांद्याच्या पात्यांपर्यंत, ५५-६० सेंटिमीटर. पाठीचा कल आडव्या रेषेपासून ६० अंश ठेवा. मोबाइलमधल्या लेव्हलवर तो पाहता येतो. पहिल्याच खेपेला याहून जास्त आडवे होऊ नका. रस्ता नीट दिसत नाही आणि तोल साधायला वेळ लागतो.

सीट तीन ठिकाणी धरायचे. एक, जुन्या सीटच्या दांडीवर पट्टी वेल्ड करून ती दांडी मागच्या सीटच्या नळीत. दोन, बैठकीचा पुढचा भाग यू-क्लॅम्पने वरच्या नळीवर; नळी उतरती असेल तर मध्ये एक छोटा पाय घालून. हा क्लॅम्प नसेल तर सीट गोल फिरते. तीन, पाठीच्या वरच्या आडव्या पाइपपासून मागच्या एक्सलजवळच्या कॅरिअरच्या भोकांपर्यंत दोन दांड्या. या दांड्यांत कसर करू नका. रिकंबंटवर पेडलवर जितका जोर द्याल तितकाच पाठ मागे ढकलली जाते, आणि तो सगळा जोर या दोन दांड्यांवर येतो.

वेल्डिंगबद्दल इथेच सांगतो. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, वेल्डिंगची आणि लेथची छोटी वर्कशॉप पुष्कळ आहेत. हे शहर १८९० मध्ये कलाभवन काढून हातांना तंत्र शिकवणाऱ्या सयाजीरावांचे आहे. चांगला कारागीर इथे शोधला की सापडतो. त्याला गुजरातीतच सांगा: “भाई, पाइप पातळी छे, आर्गनथी ज करजो.” म्हणजे पाइप पातळ आहे, आर्गन वायूच्या वेल्डिंगनेच करा. फाटक-ग्रिल करणारा साधा आर्क वेल्डर मिलिमीटरभर जाडीच्या सायकलच्या नळीला भोक पाडतो. वर्कशॉपमध्ये जाण्याआधी नळ्यांवरचा रंग आणि क्रोम घासून काढा. क्रोमवर वेल्डिंग केले तर जोड कच्चा राहतो आणि निघणारा धूर विषारी असतो. प्रत्येक भाग आधी सायकलवर ठेवून, खडूने खूण करून, मगच न्या.

हँडल वळते करणे

या कामाचा खरा जीव इथे आहे, म्हणून सगळ्यांत जास्त वेळ इथेच द्या.

मागे बसल्यावर पुढचे मूळ हँडल हाताला लागत नाही. तिथून एक लांब दांडा मागे आणणे हा एक मार्ग. पण तो दांडा ९० सेंटिमीटरच्या आसपास होतो आणि चाक ३० अंश वळवायला हात जवळजवळ दीड फूट बाजूला न्यावे लागतात. पोळीच्या, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीच्या, तोंडाशी किंवा मांडवीच्या गर्दीत असे वळणे शक्य नाही. म्हणून जोडदांडा, म्हणजे दोन वेगवेगळे अक्ष आणि त्यांना जोडणारी एक दांडी.

टँडेमची रचना इथे मदतीला येते. हेड ट्यूब आणि पुढच्या माणसाच्या सीटची नळी या दोन्ही जवळजवळ सारख्याच कोनात, साधारण ७२-७३ अंशांत, मागे कललेल्या असतात. दोन समांतर अक्ष तयारच आहेत. दुसऱ्या अक्षासाठी बेअरिंग हवे. भंगारातून एखादी जुनी सायकल आणा आणि तिची हेड ट्यूब कप-कोन, छर्रे आणि फोर्कच्या वरच्या नळीसकट कापून घ्या. मग पुढच्या सीटच्या नळीत घट्ट बसेल अशी सीटची दांडी घ्या आणि तिच्या डोक्यावर ही हेड ट्यूब वेल्ड करून घ्या. कोन तोच राहील असे पाहा. दांडी आत किमान आठ सेंटिमीटर जायला हवी. ती फिरू नये म्हणून हेड ट्यूबपासून सायकलच्या वरच्या नळीपर्यंत एक पट्टी आणि यू-क्लॅम्प लावा. सीटच्या नळीचा नेहमीचा क्लॅम्प यासाठी पुरेसा नाही. हा आधार फिरला तर हँडल सरळ आणि चाक वाकडे, अशी स्थिती होते.

आता दोन अक्षांवर एकेक भुजा. पुढे मूळ हँडलची स्टेम, म्हणजे हँडलबार धरणारा भाग, तशीच ठेवून हँडलबार काढा आणि स्टेमला पाच-सहा मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी वेल्ड करून घ्या. अक्षाच्या मध्यापासून बोल्टच्या भोकापर्यंत ७.५ सेंटिमीटर. अगदी तशीच, त्याच लांबीची भुजा मागच्या अक्षाला, त्याच बाजूला. लांबी सारखी असेल तर हँडल जितके वळेल तितकेच चाक वळेल. भुजा विरुद्ध बाजूंना लावल्या तर हँडल उजवीकडे आणि चाक डावीकडे जाईल, म्हणून बोल्ट घट्ट करण्यापूर्वी एकदा हाताने फिरवून पाहा.

जोडदांडी १६ मिलिमीटरच्या पोलादी पाइपची, दोन्ही टोकांना ८ मिलिमीटर आट्यांचे रॉड-एंड. रॉड-एंड म्हणजे डोळ्यासारख्या कडीत गोळा बसवलेला सांधा. बेअरिंगच्या दुकानात याच नावाने मिळतो. एका बाजूला उजवे आटे आणि दुसऱ्या बाजूला डावे घेतले तर दांडी नुसती फिरवून चाक हँडलशी सरळ जुळवता येते. प्रत्येक रॉड-एंडला लॉकनट, प्रत्येक बोल्टला नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा), आणि गोळ्याच्या कडीपेक्षा मोठा वॉशर बाहेरच्या बाजूने. गोळा कधी निसटला तरी या वॉशरमुळे दांडी बोल्टवरून सुटत नाही. बोल्ट ८.८ ग्रेडचे घ्या, तो आकडा डोक्यावर कोरलेला असतो. बोल्टला वेल्डिंग लावू नका.

हँडल दोन्ही बाजूंना ४० अंशांच्या पुढे वळू नये म्हणून अडसर लावा. भुजा आणि दांडी एका रेषेत आली की जोड उलटा पडू शकतो.

मागच्या अक्षावर हँडलबार कोणता? जुन्या लेडीज सायकलचा उंच, मागे वळलेला. सीटवर बसा, क्रँक सावकाश पूर्ण फिरवा आणि हँडल दोन्ही टोकांना नेऊन गुडघे लागत नाहीत ना ते बघा. मुठी गुडघ्यांच्या वर आणि बाहेरच्या बाजूला असायला हव्यात. दांडी मांडीला घासत असेल तर दोन्ही भुजा दुसऱ्या बाजूला घ्या. पुढच्या चाकाला बुटाचे टोक लागते का, हेही याच वेळी पाहा. लागत असेल तर वळताना त्या बाजूचे पेडल मागे ठेवायची सवय करावी लागते.

फ्रेमवर काही वेल्ड करायचे नसल्यामुळे न जमलेला भाग काढून पुन्हा करता येतो. फ्रेम कापलेल्या माणसाला ही सोय नसते.

चेन आणि मागचे क्रँक

बहुतेक टँडेममध्ये पुढच्या क्रँकपासून मागच्या क्रँकपर्यंतची चेन डाव्या बाजूला असते आणि मागच्या क्रँकपासून चाकापर्यंतची उजवीकडे. इतर रिकंबंटांना तीन-तीन सायकलींच्या चेन जोडून, मध्ये रोलर लावून एक लांबलचक चेन करावी लागते. आपल्याला यातले काहीच करायचे नाही. मागची बीबी मधला शाफ्ट म्हणून काम करते.

मागची पेडल काढा. मागच्या क्रँकचे हात कापून टाका, चेनव्हील धरणारा भाग तेवढा ठेवा आणि कड कानशीने गुळगुळीत करा. हात तसेच राहिले तर थांबताना जमिनीवर टेकलेल्या पायाच्या पोटरीला फटका बसतो. कॉटर पिनवाले क्रँक असतील तर पिना या निमित्ताने नव्या घाला.

डावी चेन मध्यभागी बोटाने वरखाली केली तर साधारण अर्धा इंच हलावी. ती ताणायची सोय बहुधा पुढच्या बीबीतच असते. बाकी नेहमीप्रमाणे तेल.

ब्रेक

ही सायकल दोन माणसांना थांबवण्यासाठी बनली आहे, त्यामुळे ब्रेकचा पाया चांगला असतो. पण वजनाची वाटणी बदलते. मागच्या जागी बसल्यावर पुढच्या चाकावर साधारण एक तृतीयांशच भार राहतो. घरचा वजनकाटा पुढच्या चाकाखाली आणि तेवढ्याच जाडीची फळी मागच्या चाकाखाली ठेवून, कुणाला तरी सायकल धरायला सांगून, बसून बघा. याचा अर्थ असा की सायकल पुढे उलटत नाही, पण वाळूवर, ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक जोरात दाबला तर पुढचे चाक घसरते. साध्या सायकलवर पुढचा ब्रेक मुख्य असतो. इथे मागचा मुख्य धरा. शक्य असेल तर मागे डिस्क लावा. डिस्कची जागा नसेल तर नवे पॅड घातलेले चांगले व्ही-ब्रेक.

तारांचा प्रश्न वाटतो तितका कठीण नाही. लिव्हर मागे सरकल्यामुळे मागच्या ब्रेकची तार मूळच्या टँडेमपेक्षा आखूडच लागते. पुढच्या ब्रेकला मात्र लांब लागते, आणि तिथे साध्या सायकलच्या मागच्या ब्रेकची तार पुरते. हँडल पूर्ण वळवून तार ताणली जात नाही ना ते पाहा.

मोटर न लावता चालवा

हा टप्पा कुणीही गाळू नये. नवलखी किंवा पोलो ग्राउंडसारख्या मोकळ्या जागी, पहाटे, हेल्मेट घालून. एक पाय जमिनीवर, दुसऱ्या पायाचे पेडल वर आणि किंचित पुढे. पेडल ढकला आणि नजर दूर ठेवा. चाकाकडे पाहिले की तोल जातो. खांदे सैल सोडा. हँडल ओढून धरायचा मोह होतो, पण इथे हातांनी फक्त दिशा द्यायची असते.

रिकंबंटवर पेडलवर उभे राहता येत नाही. म्हणून थांबण्यापूर्वीच हलका गिअर टाका, नाहीतर निघताना गुडघ्यांवर सगळा ताण येतो. आणखी एक नियम मनात ठसवून घ्या: सायकल वेगात असताना पाय कधीही जमिनीला लावायचा नाही. पाय पुढे असल्यामुळे जमिनीला लागलेला पाय सायकलखाली मागे ओढला जातो आणि घोटा मोडू शकतो. चवडा घसरणार नाही अशी खरबरीत पेडल याचसाठी घ्यायची.

सरळ जाणे, मोठे वर्तुळ, लहान वर्तुळ, एका हाताने खूण करणे, जोरात ब्रेक: हे सगळे सहज जमेपर्यंत मोटरची खरेदी करू नका. या काळात सीटचे माप आणि हँडलची उंची दोन-तीनदा बदलावीशी वाटेल, ती खुशाल बदला.

मोटर आणि बॅटरी

३६ व्होल्ट, २५० वॅटची गिअरवाली हब मोटर, मागच्या चाकात. पुढचे चाक हलके असल्याने तिथे मोटर लावली तर ओल्या रस्त्यावर ते जागीच फिरते. मोटरच्या एक्सलच्या दोन बाजू सपाट असतात. त्या ड्रॉपआउटमध्ये पूर्ण बसायला हव्यात. शिवाय टॉर्क आर्म हवाच: एक्सलला धरून फ्रेमला टेकणारी पोलादी पट्टी. ती नसेल तर जोर लागताच एक्सल फिरून तारा पिळून तोडतो, चाकही निखळू शकते.

पेडल फिरल्याचे ओळखणारा सेन्सर मागच्या बीबीवर लावा. दोन्ही क्रँक एकत्रच फिरतात आणि तिथून कंट्रोलरपर्यंत, म्हणजे मोटरला वीज मोजून देणाऱ्या डबीपर्यंत, तार आखूड लागते. त्याच्या चकतीवर दिशेचा बाण असतो, तो उलटा बसला तर मोटर सुरूच होत नाही. ब्रेक लिव्हर मोटर बंद करणारा स्विच असलेलेच घ्या.

बॅटरीसाठी लिथियम आयर्न फॉस्फेट सुचवेन. वजन थोडे जास्त, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती जास्त सुरक्षित आणि टिकाऊ. १२ सेलची मालिका म्हणजे ३८.४ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर ४३.८. नेहमीच्या लिथियम-आयनची १० सेलची मालिका पूर्ण चार्जला ४२ व्होल्ट होते. दोन्ही दुकानात ‘३६ व्होल्ट’ या नावाने मिळतात, त्यामुळे चार्जर बॅटरीसोबतचाच वापरा. घरी सेल जोडून बॅटरी बनवू नका. बीएमएस, म्हणजे सेलचे चार्जिंग सांभाळणारे सर्किट, असलेला तयार पॅक घ्या.

१० अँपिअर-अवरच्या पॅकमध्ये साधारण ३८० वॅट-अवर ऊर्जा असते. सपाट रस्त्यावर पेडल मारत राहिलात तर किलोमीटरला दहाच्या आसपास वॅट-अवर खर्च होतात, म्हणजे तीस किलोमीटर सहज. बडोदे सपाट आहे. चढ येतात ते फ्लायओव्हरचे आणि गरनाळ्यातून, म्हणजे रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यातून, वर येतानाचे.

बॅटरीची जागा दोन बीबींना जोडणाऱ्या खालच्या नळीवर किंवा पुढच्या त्रिकोणात. जितकी खाली आणि पुढे तितके चांगले, कारण पुढच्या चाकाला भार हवाच आहे. २५० वॅटला साधारण ७ अँपिअर लागतात आणि निघताना १५ पर्यंत जातात. म्हणून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि बॅटरीच्या धन टोकाला अगदी चिकटून २० अँपिअरचा फ्यूज. सगळे कनेक्टर जोडून झाल्यावरच बॅटरी जोडायची. तारा हँडलच्या जोडदांडीपासून दूर बांधा.

उन्हातून आल्यावर बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. सावलीत गार होऊ द्या, आणि चार्जिंग कधीही अंथरुणाजवळ किंवा बाहेर जायच्या दारात करू नका.

नियम

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २(यू) नुसार मोटरची शक्ती २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोच्या आत असलेली बॅटरीवर चालणारी सायकल मोटार वाहन धरली जात नाही. पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. याच नियमात तपासणी संस्थेच्या मंजुरीची अटही आहे आणि घरी केलेल्या सायकलला ती मंजुरी नसते, हे ध्यानात ठेवूनच रस्त्यावर या. कंट्रोलरमध्ये २५ ची मर्यादा घाला आणि पेडल थांबले की मोटर थांबेल असेच ठेवा. दुकानदार ५०० किंवा ७५० वॅट घ्या म्हणेल. या फ्रेमला, या ब्रेकना आणि कायद्याला ते मानवणारे नाही.

रस्त्यावर

पाठ टेकलेली असताना मागे वळून बघता येत नाही, म्हणून उजवीकडे आरसा आवश्यक आहे. सीटच्या मागे उंच दांडीवर नारिंगी झेंडा लावा. लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. गतिरोधकावर सीटवरून उठता येत नाही, तेव्हा वेग आधीच कमी करा. रस्त्यात बसलेल्या गाईंना वळसा घालताना सायकलची लांबी विसरू नका. मागचे चाक पुढच्यापेक्षा आतून जाते.

पावसाळ्यात अलकापुरीच्या गरनाळ्यात पाणी भरले की तिथून नेऊ नका. हब मोटर पावसाचे शिंतोडे सोसते, एक्सलपर्यंतचे पाणी सोसत नाही. मोटरची तार एक्सलमधून बाहेर पडते तिथे खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी तारेवरून आत न जाता झोळातून गळून पडते. कनेक्टरची तोंडे खाली ठेवा.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पूर्ण तपासणी करा. आधी जोडदांडीचे दोन्ही रॉड-एंड आणि त्यांचे नट. मग दुसऱ्या अक्षाच्या आधाराची पट्टी, सीटच्या मागच्या दोन दांड्या, टॉर्क आर्म. मोटरच्या चाकाचे स्पोक नवे असताना सैल होतात, ते ताणून घ्या. प्रत्येक वेल्डिंगवर पांढरा कपडा फिरवा. तडा असेल तर कपडा अडकतो किंवा गंजाची रेघ उमटते. सगळे ठीक असेल तर आता भाग एकेक करून उतरवा, रेडऑक्साइडचा हात द्या आणि रंग लावा. त्याआधी रंग लावला तर तडे दिसणार नाहीत.